अंतरपाट दूर होताना...

विवाहाला तीस-चाळीस वर्षे झालेल्या दांपत्याला त्या दिवसाची सर्वांत प्रिय आठवण विचारली, तर उत्तर एकदम येत नाही. दोघे आधी एकमेकांकडे पाहतात. मग एक जण सांगू लागतो आणि दुसरा मध्येच दुरुस्ती करतो. या दुरुस्तीतच बहुतेक वेळा खरी आठवण दडलेली असते.

गारखेडा परिसरात हा प्रश्न विचारण्यात विशेष गंमत आहे. एकेकाळी औरंगाबाद शहराबाहेरचे खेडे असलेला हा भाग आज छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवस्तीत गणला जातो. चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहती वाढल्या, १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि नोकरीनिमित्त मराठवाड्याच्या गावोगावहून आलेली कुटुंबे येथील वसाहतींत स्थिरावली. त्यामुळे एकाच घरात दोन प्रकारचे विवाह नांदताना दिसतात. आई-वडिलांचा विवाह गावाकडच्या दारातल्या मांडवात झालेला असतो, तर मुलांचा बीड बायपासवरील एखाद्या लॉन्सवर.

जुन्या पिढीच्या आठवणींत वऱ्हाडाचा ट्रक असतो, मारुतीच्या दर्शनाला निघालेला नवरदेव असतो, हळदीने पिवळ्या केलेल्या ज्वारीच्या अक्षता आणि बुंदीच्या पंगती असतात. १९७२ च्या दुष्काळात ज्यांचे विवाह झाले, त्यांच्या बोलण्यात मांडवाच्याही आधी पाणी येते. मात्र पिढी कोणतीही असो, अंतरपाटाचा क्षण चुकत नाही. मंगलाष्टके संपताच तो पडदा प्रथेप्रमाणे उत्तरेकडे ओढून घेतला जातो. पूर्वी अनेकांना जोडीदाराचा चेहरा नीट दिसे तो तेव्हाच. आज वर्षभर फोनवर बोललेली आणि विवाहापूर्वीच छायाचित्रे काढून घेतलेली जोडपीही याच क्षणाचा उल्लेख करतात, याचे मात्र नवल वाटते. कदाचित दिवसभराच्या गलबल्यात दोघांना काहीही करायचे नसते, फक्त समोर पाहायचे असते, असा तेवढाच एक क्षण त्यांच्या वाट्याला येत असावा.

स्मृतीचे शास्त्रही असेच काही सुचवते. ठरल्याप्रमाणे पार पडलेल्या गोष्टी मन फारशा जपून ठेवत नाही. अनपेक्षित आणि भावनेने भारलेले तेवढे खोल रुजते. म्हणूनच जेवणातील सतरा पदार्थ विसरले जातात आणि ऐन मुहूर्ताला गेलेली वीज आयुष्यभर लक्षात राहते. छायाचित्रांचाही येथे वाटतो तितका उपयोग होत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी संग्रहालयातील वस्तूंवर केलेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूंची छायाचित्रे काढली, त्या नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. छायाचित्रकाराच्या सूचनेवरून एकच हार तीनदा घालणाऱ्या वधूवरांनी, आणि विशेषतः मांडवात मोबाइल उंचावून उभ्या राहणाऱ्या पाहुण्यांनी, याचा विचार करायला हरकत नाही.

मराठी साहित्यात याची दोन बोलकी उदाहरणे आहेत. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांचा विवाह १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीत नोंदणी पद्धतीने झाला. 'आहे मनोहर तरी'मध्ये सुनीताबाईंनी त्याची हकिकत सांगितली आहे. खर्च आला तो नोंदणीच्या अर्जाचा, आठ आणे! मांडव नाही, पंगत नाही; पण हा आठ आण्यांचा विवाह मराठी वाचकाला अजून आठवतो. पुढे २००० मध्ये पुलंचे निधन झाले, तेही १२ जूनलाच.

दुसरे उदाहरण इतके हसरे नाही. १८७३ मध्ये अकरा वर्षांच्या रमाबाईंचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानडे यांना वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून हा विवाह करावा लागला होता. विवाह लागल्यावर ते कोणाशीही न बोलता आपल्या खोलीत निघून गेले, असे रमाबाईंनी आठवणींत नोंदवले आहे. लवकरच त्यांनी पत्नीला शिकवायला आरंभ केला, आणि तोच त्या सहजीवनाचा खरा प्रारंभ ठरला. एकच दिवस, पण त्याच्यासाठी तो पराभवाचा आणि तिच्यासाठी अनोळखी घराचा. वधूची आठवण वराच्या आठवणीहून वेगळी असते, हे आपल्या घरांतही फारसे कोणी विचारात घेत नाही. तो वरातीबद्दल सांगतो, ती पाठवणीबद्दल.

अलीकडचा अनुभवही पाहावा. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने विवाहाला जास्तीत जास्त २५ जण आणि दोन तासांची मर्यादा घातली. भंग झाल्यास दंड होता ५० हजार रुपये. त्या काळातील विवाहांत आजी-आजोबा पडद्यावरूनच अक्षता टाकत होते. अशी जोडपी पैसे वाचल्याचे समाधान क्वचितच बोलून दाखवतात. कोण येऊ शकले नाही, याची यादी मात्र त्यांना तोंडपाठ असते.

ही यादी महत्त्वाची आहे. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये तीन हजारांहून अधिक विवाहितांच्या पाहणीचे निष्कर्ष मांडले. विवाहाचा खर्च जितका अधिक, तितकी संसार मोडण्याची शक्यता अधिक आढळली. उपस्थित माणसे जितकी अधिक, तितकी ती कमी. हा केवळ संबंध आहे, कारण नव्हे, आणि अमेरिकेचे गणित मराठवाड्याला जसेच्या तसे लागू पडणार नाही. तरीही मुलीच्या विवाहासाठी जमीन गहाण टाकणाऱ्या बापाला ते कोणी तरी सांगायला हवे. मंडपाची कमान, फुलांची सजावट आणि आतषबाजी यांवर गेलेले पैसे वधूवरांच्या आठवणीत कोठेच सापडत नाहीत. सावकाराच्या वहीत मात्र ते वर्षानुवर्षे राहतात.

सिएटलचे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये असे दाखवले, की जोडपी आपला पूर्वेतिहास कसा सांगतात, यावरून त्यांच्या संसाराच्या भवितव्याचा बराचसा अंदाज बांधता येतो. आठवण कडू की गोड, एवढेच ते पाहत नव्हते. सांगताना 'आम्ही' किती वेळा येते, अडचणीच्या प्रसंगाचे दोघांना हसू येते की रुसवा, याकडेही त्यांचे लक्ष होते. सत्यनारायणाच्या दिवशी जुना अल्बम निघाला, की आपल्याकडेही हेच घडते. बाशिंग डाव्या बाजूला कलले होते की उजव्या, यावर तासभर वाद होतो आणि चहा निवून जातो.