धक्का कमी हवा? आधी दस्ता बघा

आपल्या संभाजीनगरातले नवे नेमबाज हमखास विचारतात: बाहेरून घेतलेला दस्ता बसवला तर रायफलचा धक्का कमी होतो का? होतो, पण जादूने नाही.

पॉइंट बावीसची गोळी साधारण २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला सव्वातीनशे मीटर. या हिशेबाने ५ किलोची रायफल सेकंदाला सुमारे १७ सेंटीमीटर वेगाने मागे येते. तीच ८ किलोची केली तर जेमतेम साडेदहा. म्हणजे जड दस्ता हा पहिला उपाय. दुसरा, आकार. बट, म्हणजे दस्त्याचं खांद्याला टेकणारं टोक, नळीच्या रेषेपेक्षा फार खाली असेल तर रायफल मागे येता येता तोंड वर उचलते. सरळ रेषेतला दस्ता तोच जोर थेट खांद्यात घेतो. रबरी पॅड धक्का थोड्या जास्त वेळात पसरवतो, इतकंच. (देवगिरीवरच्या मेंढा तोफेला अख्खा बुरुज होता, आपल्याला एकच खांदा!)

खरं सांगायचं तर पॉइंट बावीसला धक्का मुळात किरकोळ. तिथे तो दर वेळी सारखा येणं महत्त्वाचं. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं. या प्रकारात गुडघ्यावर, पालथं आणि उभं, तिन्हींत शरीराची ठेवण वेगळी, तरी धक्का सारखाच यायला हवा. म्हणून बटची लांबी-उंची आणि गालपट्टी बदलता येणारा दस्ता घ्या. लाकूड पावसाळ्यात फुगतं, ॲल्युमिनियमला ती कटकट नाही.

काम मात्र परवानाधारक बंदूक कारागिराकडूनच करून घ्या. नळीला हात लावू नका. परवान्याशिवाय ती आखूड करणं १९५९च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे.