शेगडीच्या वरची भिंत

आपल्याकडे ‘स्टोव्ह’ म्हटले, की पितळी टाकीचा, पंप मारायचा रॉकेलचा स्टोव्ह डोळ्यांसमोर येतो. थंड देशांतला लाकडाचा स्टोव्ह वेगळा. ती असते बिडाची किंवा जाड पोलादी पत्र्याची, काचेचे दार असलेली बंद शेगडी. आत ओंडके जळतात, धूर नळीवाटे छपराबाहेर जातो आणि तापलेली शेगडी खोली उबदार ठेवते.

माझी धाकटी बहीण अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँट राज्यात राहते. तिथे हिवाळ्यातल्या काही रात्री तापमान शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरते. गेल्या हिवाळ्यात आमची आई तिच्याकडे राहायला जायची होती. शेगडीजवळची खोली आईला द्यायची आणि तिला मालिका पाहता याव्यात म्हणून शेगडीच्या वरच्या भिंतीवर दूरचित्रवाणी संच बसवायचा, असा बेत ठरला. बहिणीचा फोन आला. “दादा, बसवणारा माणूस म्हणतो, भिंतीला हात लावून बघा, हात ठेवता आला म्हणजे झालं. वायरीही भिंतीच्या आतून नेतो म्हणतो, बाहेर काही दिसणार नाही. मी हात लावून पाहिला, छान कोमट लागली. लावू का?”

मी तिला सांगितले, “हात काढून घे आणि तिथे तापमापी लाव.” असे का सांगितले, हे समजून घेताना उष्णतेच्या धड्याची चांगली उजळणी होते.

हात हा तापमापी नव्हे

आपल्या कातडीचे तापमान साधारण 33 अंश सेल्सिअस असते. चाळीस अंशांची भिंत हाताला सुखद वाटते. चटका जाणवू लागतो तो 44-45 अंशांच्या आसपास. पण पुष्कळशा दूरचित्रवाणी संचांच्या माहितीपुस्तिकेत 0 ते 40 अंश एवढ्याच तापमानात संच वापरावा, असे लिहिलेले असते. म्हणजे हाताची तक्रार सुरू होण्याआधीच संचाची मर्यादा संपलेली असते.

ही मर्यादा कशासाठी? संच स्वतःही उष्णता निर्माण करतो. शंभर वॅटचा संच घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णतेच्याच रूपात खोलीत सोडतो. त्यामुळे त्याचे अंतरंग भोवतालच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांनी अधिक तापलेले असू शकते. आतल्या भागांपैकी विद्युत-अपघटनी धारित्र उष्णतेला विशेष नाजूक असते. त्यातला द्रव हळूहळू उडून जातो आणि तापमान वाढले की हा वेग वाढतो. रासायनिक क्रियांचा वेग तापमानाबरोबर कसा वाढतो, याचे सूत्र स्वीडनच्या स्वान्टे अऱ्हेनियस यांनी 1889 मध्ये मांडले. त्यावर आधारलेला अभियंत्यांचा ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढले तर अशा धारित्राचे आयुष्य निम्मे होते. वीस अंशांनी वाढले तर चौथाई उरते. संच बंद असला तरी शेगडीची उष्णता आपले काम चालूच ठेवते.

उष्णता वर कशी पोचते?

वहन, अभिसरण आणि प्रारण हे उष्णता जाण्याचे तीन मार्ग आपण शिकवतो. इथे तिन्ही एकाच भिंतीवर पाहायला मिळतात.

प्रारणाचे प्रमाण केवलमान तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. जोसेफ स्टेफान यांना हा नियम 1879 मध्ये प्रयोगांच्या आकड्यांवरून सापडला आणि 1884 मध्ये लुडविग बोल्ट्झमन यांनी त्याची सैद्धांतिक उपपत्ती दिली. शेगडीचा पृष्ठभाग 250 अंशांवर असेल, खोली 20 अंशांवर असेल आणि पृष्ठभाग काळा असेल, तर दर चौरस मीटरमागे साधारण 3,400 वॅट बाहेर पडतात. तेच तापमान 125 अंशांवर आणले, तर ही संख्या 900 वॅटच्या आसपास येते. अंश निम्मे झाले, प्रारण मात्र जवळजवळ चौथाईवर आले. म्हणून शेगडी ‘थोडी जास्त’ पेटवणे ही थोडी गोष्ट नसते.

तरीही भिंतीला सपाट टेकवलेल्या संचाला प्रारणाचा फारसा त्रास होत नाही. संचाचे तोंड शेगडीकडे नसून खोलीकडे असते. शेगडीची किरणे त्याच्यावर फार तिरपी पडतात, आणि तिरप्या किरणांची उष्णता अधिक क्षेत्रावर पसरते. सकाळचे ऊन दुपारच्या उन्हापेक्षा सौम्य लागण्याचे एक कारण हेच आहे.

खरा शत्रू अभिसरण. हवा 20 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापली, की ती सुमारे 12 टक्के हलकी होते आणि वर चढते. चढताना आजूबाजूची थंड हवा ती आपल्यात ओढून घेते आणि निवत जाते. मोकळ्या जागी लहानशा ज्योतीवर उंची दुप्पट केली, तर तापमानातील वाढ साधारण एक-तृतीयांश उरते. पण शेगडी भिंतीलगत असते. त्या बाजूने थंड हवा येऊच शकत नाही. त्यामुळे गरम हवेचा लोट भिंतीकडे झुकतो, तिला चिकटून वर जातो आणि सावकाश निवतो. संच आणि भिंत यांच्यात जी चार-पाच सेंटिमीटरची फट असते, तीच मग या लोटाचे धुराडे बनते. संचाची वायुवीजनाची छिद्रेही बहुधा मागच्याच बाजूला असतात. संचाने स्वतःला थंड करण्यासाठी हवा घ्यावी, तर तीच गरम!

याला एक जुना उपाय आहे. शेगडी आणि संच यांच्यामध्ये भिंतीतून पुढे आलेली दगडी फळी बसवायची. ती लोटाला भिंतीपासून दूर ढकलते. लोट खोलीतल्या हवेत मिसळतो आणि संचाच्या पुढून जातो. फळी लाकडी असेल, तर तीच धोक्यात येते. अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या नियमांनुसार, चाचणी करून प्रमाणित न केलेल्या लाकडी शेगडीपासून ज्वलनशील वस्तू 36 इंच, म्हणजे सुमारे 91 सेंटिमीटर दूर ठेवाव्या लागतात. मध्ये योग्य ढाल असेल, तर हे अंतर कमी करता येते. प्रमाणित शेगडीला तिच्या उत्पादकाने दिलेले अंतर लागू होते.

लपवलेल्या वायरी

दुसरा प्रश्न वायरींचा. संचाबरोबर येणारी लवचिक वायर भिंतीच्या पोकळीत घालायला अमेरिकेच्या विद्युत नियमावलीत मनाई आहे. एवढीशी वायर घातली तर काय बिघडेल, असे वाटते. संच जेमतेम एक अँपिअर प्रवाह घेतो, तेव्हा वायर स्वतः तापण्याची भीती नाहीच. भीती आहे ती भोवतालची. वायरीवरच्या नेहमीच्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा 70 अंश सेल्सिअस असते. त्याहून अधिक उष्णता वारंवार लागली, की आवरणाला मऊपणा देणारी द्रव्ये उडून जातात, ते कडक होते आणि त्याला तडे जातात. उघड्यावरच्या वायरीचा तडा दिसतो, भिंतीतल्या वायरीचा दिसत नाही. पुढे कधी चित्र टांगायला खिळा ठोकला, तर तोही कदाचित तिच्यातूनच जाईल.

तिथली घरे पुष्कळदा लाकडी सांगाड्याची असतात. उभ्या लाकडांमधली पोकळी ही आडव्या पट्ट्यांनी तोडलेली नसेल, तर आगीला वर नेणारी नळीच. वायरीसाठी त्या पट्ट्यांना पाडलेली भोके बुजवली नाहीत, तर आपणच आगीला वाट करून देतो. धुराड्यातून वायर नेण्याचा विचार तर मनातही आणू नये. ओल्या लाकडाच्या धुराचा डांबरासारखा थर धुराड्यात साचतो. तो पेटला, तर आतले तापमान हजार अंशांच्याही वर जाऊ शकते.

योग्य रीत अशी: परवानाधारक तंत्रज्ञाकडून संचाच्या मागे स्वतंत्र खटका-जोडणी घ्यावी. तिच्यासाठी भिंतीत बसवण्याची कायम तार वापरावी. चित्र-ध्वनीच्या तारा वेगळ्या नळीतून न्याव्यात. दोन्ही तारा शेगडीच्या डोक्यावरून न नेता बाजूने आणाव्यात. हे जमत नसेल, तर भिंतीवर झाकणाची पट्टी बसवून वायर तिच्यातून न्यावी. थोडी दिसली, तर बिघडत नाही.

तापमापीने काय सांगितले?

बहिणीने जिथे संचाची खालची कड आली असती, तिथे तापमापी चिकटवली. खोली 22 अंशांवर होती. शेगडी पेटवून दोन तास झाल्यावर तापमापीने 56 अंश दाखवले. मग तिने विटा रचून त्यांवर दगडी फरशी ठेवली आणि ती लोटाच्या आड आणली. आता तापमापी 38 वर आली. “जमलं की, दादा!” ती म्हणाली. चाळीसला दोनच अंश कमी होते. कडाक्याच्या रात्री कोणी आणखी दोन ओंडके टाकले, तर काय होईल, हे आम्हा दोघांनाही कळत होते.

निर्णय आईने फोनवरच दिला. “चुलीच्या वर आपण काय ठेवतो? ओल्या काड्यापेट्या, आमसुलं, जे वाळायला हवं ते. टीव्ही वाळवायचाय का तुम्हाला?” संच बाजूच्या भिंतीवर गेला. तिथे तापमापी रात्रभर 23-24 अंशांवर राहिली. आईला मान वर करून पाहावे लागले नाही, हा वेगळा लाभ.

वर्गात करून पाहा

भिंतीलगत फरशीवर मेणबत्ती लावा. ज्योतीच्या बरोबर वर 30 सेंटिमीटरवर एक तापमापी आणि बाजूला तितक्याच अंतरावर दुसरी टांगा. दहा मिनिटांनी दोन्हींची नोंद करा. वरची कितीतरी अधिक दाखवील, बाजूची जेमतेम हलेल. आता ज्योतीच्या वर 15 सेंटिमीटरवर पत्र्याची पट्टी भिंतीला टेकवून धरा (पट्टी चिमट्यात पकडा, हातात नको) आणि वरच्या तापमापीची पुन्हा नोंद करा. उदबत्तीचा धूर सोडला, तर लोट कुठे वळला तेही दिसेल. मग मेणबत्ती भिंतीपासून 20 सेंटिमीटर पुढे सरकवा, तापमापी पुन्हा ज्योतीच्या बरोबर वर आणा आणि पट्टी न धरता नोंद करा. भिंतीलगतचा आणि मोकळ्यातला आकडा शेजारी शेजारी लिहून फरक का पडला, हे मुलांनाच विचारा. मात्र नोंद घेण्याआधी प्रत्येकाला हाताने अंदाज करायला सांगून तोही लिहून ठेवायला लावा.