बोटीवरील बॅटरी चार्जरचे दोषनिदान : क्रम आणि कारणमीमांसा

प्रस्तावना

मुठेच्या काठावरील कसबा पेठ ही पुण्यातील अत्यंत जुन्या वस्त्यांपैकी एक होय. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही भंगले आणि नदीकाठच्या पेठांत पुराचे पाणी शिरले. अशा प्रसंगी उपयोगी पडणारी यांत्रिक बोट एरवी दीर्घकाळ नुसती उभी असते. बटणाने सुरू होणारे तिचे इंजिन ऐन वेळी चालेल की नाही, हे बॅटरीवर आणि पर्यायाने बोटीवरच बसविलेल्या चार्जरवर अवलंबून असते. हा चार्जर ‘बिघडला’ असे वाटल्यास दोष कसा शोधावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

चार दुवे

काठावरील २३० व्होल्टचा वीजपुरवठा, चार्जर, जोडतारा व बॅटरी असे या यंत्रणेचे चार दुवे आहेत. यांपैकी कोणताही दुवा निखळला तरी परिणाम एकच दिसतो, तो म्हणजे बॅटरी भरत नाही. त्यामुळे चार्जरलाच दोषी धरून तो बदलण्याची घाई होते. परंतु मूळ दोष अन्यत्र असल्यास नवा चार्जरही निरुपयोगी ठरतो.

तपासणीचा क्रम

प्रथम सॉकेट, फ्यूज व गळती-संरक्षक स्विच पाहावा. हा स्विच वारंवार पडत असेल, तर त्याला बगल न देता ओलावा कोठे शिरला ते जाणकार वीजतंत्रज्ञाकडून शोधून घ्यावे. पाण्यालगत विजेची गळती प्राणघातक ठरते.

त्यानंतर बॅटरी चार्जरपासून विलग करून काही तास स्थिर ठेवावी. सहा कोषांच्या पूर्णभारित शिसे-आम्ल बॅटरीचे विभवांतर सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट असते. ते १०.५ च्या आसपास किंवा त्याहून कमी असल्यास बॅटरी पूर्णतः उतरली आहे अथवा एखादा कोष निकामी झाला आहे, असा संशय घ्यावा. दीर्घकाळ उतरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिसे-सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात. अनेक स्वयंनियंत्रित चार्जर फार उतरलेली बॅटरी ओळखतच नाहीत आणि भारण सुरू करीत नाहीत. तेथे चार्जर निर्दोष असतो.

शेवटी भारण चालू असताना चार्जरच्या व बॅटरीच्या टोकांवरील विभवांतर स्वतंत्रपणे मोजावे. ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. १० अँपिअर धारा ०.१ ओहम रोधाच्या गंजक्या सांध्यातून गेल्यास १ व्होल्ट तेथेच खर्ची पडतो व १० वॅट उष्णता निर्माण होते. चार्जरच्या टोकांवर १४.४ व्होल्ट असताना बॅटरीला १३.४ व्होल्टच मिळतात. धारा वाहत नसताना मात्र हाच सांधा मापकावर निर्दोष भासतो.

तांबे आणि कल्हई

दमट हवेत तांब्याच्या उघड्या तारेवर रोधक थर चढतो. तो वेष्टनाच्या आतही पसरत असल्याने बाहेरून दिसत नाही. कसब्यातील तांबट आळीत घडणाऱ्या तांब्याच्या भांड्यांना आतून कथलाची कल्हई करतात, कारण आंबट पदार्थ तांब्यात कळकतात. बोटींसाठीच्या उत्तम तारांचा प्रत्येक धागा याच तत्त्वाने कथिलाने मढविलेला असतो. म्हणून गंजलेला भाग कापून काढून अशी तार वापरावी, सांधा घट्ट दाबून बसवावा व जलरोधक वेष्टनाने बंद करावा. भारणात हायड्रोजन वायू सुटत असल्याने जागा हवेशीर ठेवावी, ठिणगी टाळावी आणि वीजपुरवठा बंद केल्यावरच सांध्यांना हात लावावा.

निष्कर्ष

चार्जरचा हिरवा दिवा हा बॅटरी सक्षम असल्याचा पुरावा नव्हे. पुरवठा, बॅटरी व सांधे निर्दोष ठरल्यावरच चार्जर सदोष मानावा. ही तपासणी पावसाळ्यापूर्वी, प्रत्यक्ष इंजिन चालवून पूर्ण करणे आवश्यक आहे. पुराच्या रात्री त्यासाठी वेळ मिळत नाही.