ऑडिट कशाचे करावे?

तयार नग मोजून सदोष तेवढा बाजूला काढणे, ही झाली तपासणी. तो सदोष का झाला हे शोधावयाचे तर ऑडिट करावे लागते. बेळगावच्या उद्यमबागेतील एखादी फौंड्री घ्यावी. कारखान्याचा कारभार आयएसओ ९००१ च्या नियमांना धरून चालतो की नाही हे पाहणे, हे व्यवस्थेचे ऑडिट. बांधून ठेवलेला नग उघडून गिऱ्हाइकाच्या नजरेने पुन्हा मोजणे, हे मालाचे.

खरी कसोटी लागते ती प्रक्रियेच्या ऑडिटला. ते कचेरीत बसून होत नाही. साचे भरले जात असताना तेथे उभे राहावे लागते. वाळूत ओलावा फार झाला की वाफ कोंडते आणि ओतकामात पोकळ्या राहतात. म्हणून ओलावा समक्ष मोजावयास सांगावा व नोंदवहीशी ताडून पाहावा. दिवसभराच्या नोंदी एका बैठकीत लिहिल्यासारख्या दिसल्या, तर वही पाळी संपताना भरली जाते असा संशय घ्यावा. मात्र कामगारास दरडावू नये. मापनयंत्रच दूरच्या खोलीत कुलपात असते, असेही कित्येकदा निघते!

ऑडिट करणारा त्या खात्यातला नसावा. आढळलेली उणीव पुराव्यासह लिहावी, आणि उपाय झाल्याचे कळविले गेल्यावर पुन्हा त्याच जागी जाऊन ओलावा मोजून पाहावा.