डोळा आणि दुर्बीण यांमधील अंतर

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादकांनी विषयाचे बंधन घातले नव्हते. तरीही एका बालरोगतज्ज्ञाने शिकारीच्या बंदुकीवरील दुर्बिणीविषयी लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. याला कारण माझा भाचा. तो अमेरिकेतील मोंटाना राज्यात नोकरी करतो. तेथे परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात, एल्क या मोठ्या हरणाची शिकार कायद्याने करता येते. गेल्या चतुर्थीला तो पेडण्याच्या घरी आला, तेव्हा त्याच्या उजव्या भुवईवर चंद्रकोर कोरल्यासारखा व्रण होता. त्याने आईला, म्हणजे माझ्या ताईला, दार लागल्याचे सांगितले होते. लहान मुलांच्या फुटलेल्या भुवया शिवण्यात माझी तीस वर्षे गेली. दाराची कड अशी गोल जखम करीत नाही. रात्री ओसरीवर दोघेच बसलो असताना त्याने खरे काय ते सांगितले.

मित्राची ‘पॉइंट ३३८ विंचेस्टर मॅग्नम’ रायफल त्याने हाती घेतली होती. तिच्यावर त्याने स्वतःच्या हलक्या पॉइंट बावीस रायफलीची दुर्बीण बसवली. बंदूक चांगली होती, दुर्बीणही चांगली होती. पहिलीच गोळी झाडली आणि दुर्बिणीची मागची कड भुवईच्या हाडावर आदळली. चार टाके पडले. ‘मामा, मी नेम तर नीट धरला होता, मग चुकले काय?’ हा त्याचा प्रश्न. त्याचे उत्तर म्हणजे हा लेख.

दुर्बिणीच्या मागच्या भिंगाला, म्हणजे नेत्रिकेला, डोळा टेकवून पाहायचे नसते. नेत्रिकेमागे ठरावीक अंतरावर डोळा ठेवला तरच संपूर्ण गोल दृश्य दिसते. डोळा त्याहून पुढे नेला किंवा मागे घेतला, तर दृश्याच्या कडेने काळी सावली येते. या अंतराला ‘आय रिलीफ’ म्हणतात. आपण त्याला नेत्रांतर म्हणू. वापरणाऱ्याच्या इच्छेने ते बदलत नाही. दुर्बीण घडवतानाच ते भिंगांच्या रचनेने ठरून जाते. बहुतेक रायफल-दुर्बिणींत ते तीन ते चार इंच असते. भाच्याच्या दुर्बिणीत ते जेमतेम तीन इंच होते, म्हणजे आपली चार बोटे जोडून धरावीत एवढे.

आता धक्क्याचा हिशेब पाहू. गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे येते, हा न्यूटनचा तिसरा नियम आपण शाळेतच शिकलो. पॉइंट ३३८ ची गोळी सुमारे साडेचौदा ग्रॅमची असते आणि सेकंदाला साधारण ८५० मीटर वेगाने सुटते. तिच्यामागून दारूचे वायूही वेगाने बाहेर पडतात. दुर्बिणीसह रायफलचे वजन चार किलो धरले, तर ती सेकंदाला सुमारे साडेचार मीटर वेगाने मागे येऊ लागते. उलट पॉइंट बावीस रायफलचा हाच वेग सेकंदाला अर्ध्या मीटरइतकाही नसतो. म्हणून तिच्यावर तीन इंचांची दुर्बीण वर्षानुवर्षे निर्धोक चालते. तीच दुर्बीण जड धक्क्याच्या बंदुकीवर चढवली की घातक ठरते.

डॉक्टर मित्रांसाठी आणखी एक हिशेब. साडेचार मीटर वेगाने सात-आठ सेंटिमीटर अंतर कापायला पंधरा ते वीस मिलिसेकंद पुरतात. खांद्याने धक्का अडवला तरी या काळात फार भर पडत नाही. पापणी मिटण्याच्या प्रतिक्षिप्त क्रियेला मात्र सुमारे एक दशांश सेकंद लागतो. म्हणजे दुर्बीण भुवईवर आदळते तेव्हा डोळा उघडाच असतो. येथे सावधपणा किंवा चपळाई कामाला येत नाही. उपयोग असतो तो आधीच राखलेल्या अंतराचा. भाच्याच्या भुवईचे हाड पुढे आलेले होते, म्हणून डोळा वाचला.

मग दुर्बीण कशी निवडावी? जड धक्क्याच्या बंदुकीसाठी नेत्रांतर चार इंचांच्या आसपास हवे, म्हणजे अंगठ्यासह पंजाच्या रुंदीएवढे. ज्या दुर्बिणींत वर्धन कमीजास्त करता येते, त्यांपैकी पुष्कळांत वर्धन वाढवले की नेत्रांतर कमी होते. म्हणून माहितीपत्रकातील मोठा आकडा पाहून समाधान मानू नये. सर्वाधिक वर्धनाला ते किती उरते, हे विचारावे.

नेत्रांतर वाढवायचे तर काही गमवावेही लागते. खिडकीपासून मागे सरकले की अंगण कमी दिसते, तसेच नेत्रिकेचे आहे. नेत्रिका ३६ मिलिमीटर रुंद असेल, तर ९ सेंटिमीटरवरून सुमारे २३ अंशांचे दृश्य दिसते. हेच अंतर १८ सेंटिमीटर केले तर ते ११ ते १२ अंशांवर येते. म्हणून वाटेल तितके मोठे नेत्रांतर घेण्यातही शहाणपण नाही. नळीवर पुढे बसवायच्या खास दुर्बिणींत ते नऊ इंचांहून अधिक असते, पण त्यांचे वर्धन कमी असते आणि दृश्यही लहान दिसते.

दुसरी गोष्ट डोळ्यावर पडणाऱ्या प्रकाशवर्तुळाची. पुढच्या भिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागले की हे वर्तुळ मिळते. चाळीस मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणीत चार पट वर्धनाला ते दहा मिलिमीटरचे असते, तर दहा पटीला चारच मिलिमीटरचे. वर्तुळ लहान झाले की दृश्य शोधण्याच्या नादात नेमबाजाचे डोके नकळत पुढे सरकते आणि हातचे अंतर निसटते. चष्मा लावणाऱ्यांनी तर अधिकच जपावे. चष्म्याची काच डोळ्यापुढे बारा-चौदा मिलिमीटर असते, म्हणजे तेवढे अंतर आधीच खर्ची पडलेले असते.

दुर्बीण बसवण्याची रीतही महत्त्वाची आहे. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करावी. डोळे मिटून दस्ता नेहमीसारखा खांद्याला लावावा, गाल टेकवावा आणि मग डोळा उघडावा. मान न हलवता पूर्ण गोल दिसला पाहिजे. तो दिसेपर्यंत दुर्बीण कड्यांमध्ये मागेपुढे सरकवावी आणि मगच कड्या घट्ट आवळाव्यात. ही परीक्षा उभ्याने करून भागत नाही. पालथे पडून किंवा चढावर वर नेम धरताना डोके पुढे येते. भाच्याने नेमकी हीच गोळी चढावर झाडली होती. अंगात जाड कोट असला तर डोके मागे राहते आणि पातळ सदऱ्यात पुढे येते, हेही ध्यानात ठेवावे. नेत्रिकेभोवतीचे रबराचे कडे अंतराची उणीव भरून काढत नाही.

अशी जखम आपल्यापैकी कोणाकडे आली, तर भुवई भादरू नये. केसांच्या रेषा जुळवून मगच टाके घालावेत. सूज वाढण्यापूर्वी दृष्टी तपासावी. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रक्त साचले नाही ना, कपाळाची संवेदना शाबूत आहे ना, हे पाहावे. धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी आणि बाहुली विस्फारून दृष्टिपटलाची तपासणी नेत्रतज्ज्ञाकडून करून घ्यावी. बुबुळ फाटल्याची शंका आली, तर दाब न देता कडक झाकण लावून रुग्ण पुढे पाठवावा.

हे सारे मोंटानाचे झाले, आपला त्याच्याशी काय संबंध, असे पेडणे-डिचोलीचे वाचक म्हणतील. आपल्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरील बंदुका आहेत. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा करण्यावरून शेतकऱ्यांची कुरबुर आपण ऐकतोच. त्या बहुधा छऱ्यांच्या, बिनदुर्बिणीच्या असतात. रानडुक्कर भातात शिरतो आणि गवा कुळागरात, त्याचे दुःख मी जाणतो. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे प्राणी मारण्याचा परवाना नव्हे. मात्र घरोघरी एअर रायफली येत आहेत आणि त्यांवर दुर्बिणी चढत आहेत. तिचा धक्का भुवई फोडण्याइतका नसतो, परंतु तिचा छर्रा डोळा निकामी करू शकतो. दुर्बीण लावली की मुले तिने पाखरे आणि माणसे न्याहाळू लागतात. जिकडे दुर्बीण वळते तिकडे नळीही वळते, एवढे पालकांनी मुलांच्या मनावर बिंबवावे. न्याहाळायला साधी हातातली दुर्बीण असावी.

भाच्याने परत गेल्यावर नवी दुर्बीण घेतली. सर्वाधिक वर्धनालाही तिचे नेत्रांतर पावणेचार इंच राहते. दृश्य किंचित लहान दिसते, अशी त्याची तक्रार आहे. ताईला मात्र अजून दाराचीच हकीकत ठाऊक आहे. ही स्मरणिका तिच्या हाती पडण्यापूर्वी त्याने तिला फोन करावा, असे मी त्याला कळवले आहे.