मेगापिक्सेल कमी, तरी चित्र सरस?

शाळेसाठी वापरलेला छोटा डिजिटल कॅमेरा घेताना आपण आधी मेगापिक्सेल विचारतो. कॅननचे दोन कॅमेरे शेजारी ठेवू. २००८ सालचा जी-१० हा १४.७ मेगापिक्सेलचा, तर २००९ सालचा जी-११ फक्त १० चा. मग नवा कॅमेरा मागे गेला का? दोघांचा सेन्सर सारख्याच आकाराचा, जेमतेम करंगळीच्या नखाएवढा. त्यामुळे जी-११ च्या प्रत्येक पिक्सेलला सुमारे दीडपट जागा मिळते.

अंगणात वाट्या मांडल्या आहेत अशी कल्पना करा. पावसाचे मोजकेच थेंब पडले, तर लहान वाट्यांत एकीत दोन, शेजारचीत शून्य असा फरक ठळक दिसतो. अंधूक उजेडात चित्रावर उमटणारे ठिपके ते हेच. भर उन्हात पानाच्या शिरा टिपायला जी-१० चांगला. संध्याकाळच्या स्नेहसंमेलनासाठी मात्र आम्ही जी-११ घेऊ.