तांबे की शेपूकर? – कोपर्निकसच्या आडनावाचा माग

शाळेच्या पुस्तकात आपण जो कोपर्निकस वाचला, ते त्याचे घरचे नाव नव्हे. ते लॅटिन रूप आहे; पंडितांनी आपापल्या नावांना लॅटिन शेपूट जोडण्याचा त्या काळात प्रघात होता. पोलंडमध्ये त्याला आजही मिकोवाय कोपेर्निक म्हणतात, आणि बोलताना मधल्या 'पेर्'वर जोर देतात. त्याच्या बापाच्या आडनावाची नोंद तोरुन शहराच्या कागदांत 'कोप्पेर्निक' अशी आहे. त्यात दोन 'प' आहेत आणि शेवटी 'ग' व 'क' ही दोन्ही अक्षरे एकापुढे एक. या एका जादा 'प'वरून दोन देशांतले विद्वान शंभर-सव्वाशे वर्षे भांडत होते, असे म्हटले तर वाचकांना अतिशयोक्ती वाटेल. पण तसे झाले आहे.

मी खगोलशास्त्राचा अभ्यासक नाही. आडनावे हा माझा छंद, आणि माझे स्वतःचे आडनाव गावावरून पडलेले 'कर'वाले. महाराष्ट्रातल्या आडनावांच्या टिपणवह्या भरता भरता बाहेरच्या देशांत गावावरून आडनावे कशी पडली हे पाहू लागलो, आणि पोलंडमध्ये अडकलो. कोश शेजारी ठेवून पोलिश वाचण्याइतपत मजल गेली आहे. त्या बळावर हा माग काढला आहे.

सुरुवात गावापासून करायची. पोलंडच्या नैर्ऋत्येला सिलेशिया नावाचा प्रांत आहे. तिथे निसा नावाचे जुने शहर, आणि त्याच्या दक्षिणेला दहा-एक किलोमीटरवर कोपेर्निकी नावाचे खेडे. तिथून आणखी तेवढेच अंतर गेले की चेक देशाची हद्द लागते. मध्ययुगात निसाचा मुलूख व्रोत्सवाफच्या बिशपांच्या अमलाखाली होता, आणि चौदाव्या शतकात सबंध सिलेशियावर बोहेमियाच्या राजाचे सार्वभौमत्व आले. जुन्या कागदांत या खेड्याचे नाव 'कोपेर्निक', 'कोपिर्निक', 'कोप्पिर्निक' असे एकवचनी आढळते. 'कोपेर्निकी' हे आजचे रूप अनेकवचनी आहे. हा वचनाचा फरक ध्यानात ठेवावा, पुढे उपयोगी पडेल.

आता आपल्या 'कर'वाल्यांना सहज उमजेल अशी गोष्ट. गावावरून पडणारे आडनाव गावात पडत नाही. चिपळुणात राहणाऱ्याला चिपळूणकर म्हणून ओळखण्यात काय अर्थ? तिथे सगळेच चिपळूणचे. माणूस गाव सोडून पुण्याला येतो, तेव्हा पुणेकर त्याला चिपळूणकर करतात. म्हणजे असे आडनाव दुसऱ्यांनी दिलेले असते आणि ते स्थलांतराचा दाखला असते. कोपेर्निक हेही तसेच. क्राकूफ ही तेव्हा पोलंडची राजधानी. तिथे नवा माणूस येऊन नागरिकत्व घेई, तेव्हा नगरपालिकेच्या वहीत त्याचे नाव आणि तो कुठला हे लिहीत. 'अमका, कोपेर्निक गावचा' यातला 'गावचा' हळूहळू गळून जाई आणि उरलेले आडनाव होई. क्राकूफमध्ये हे नाव १३५०च्या सुमारापासून दिसू लागते. १३८६ साली तिथे नागरिकत्व घेणारा एक कोपेर्निक हा खगोलशास्त्रज्ञाचा पणजोबा मानला जातो. सिलेशियातल्या इतर शहरांतही हे नाव भेटते, आणि १४००च्या सुमारास उत्तरेला विस्तुला नदीवरच्या तोरुनमध्येही. खेड्यातून व्यापारी शहरांकडे जाणाऱ्या वाटांवर हे आडनाव सांडत गेलेले आहे.

यातून एक गोष्ट निघते, आणि वंशावळीच्या हौशी मंडळींना ती सहसा आवडत नाही. हे सगळे कोपेर्निक एका घराण्याचे असतीलच असे नाही. एका गावातून निघालेल्या चार असंबद्ध कुटुंबांना चार शहरांत एकच नाव पडू शकते. आपल्याकडचे सगळे नगरकर कुठे एकमेकांचे भाऊबंद आहेत?

पोलिश आडनाव म्हटले की आपल्याला 'स्की' आठवते. मग हे कोपेर्निक्स्की का नाही? 'स्की' आणि 'त्स्की' हे प्रत्यय आपल्या 'कर'सारखेच गावाशी नाते सांगतात, पण त्यांचा मान आधी जमीनदार सरदारांचा होता. अमक्या गावाचा धनी, म्हणून अमकास्की. शहरातल्या व्यापारी-कारागिरांना गावाचे नुसते नाव चिकटे. 'कोपेर्नित्स्की' असे आडनावही पोलंडमध्ये आहे. एकोणिसाव्या शतकातले मानववंशशास्त्रज्ञ इझिदोर कोपेर्नित्स्की त्याच नावाचे. प्रत्ययाच्या त्या एका शेपटाने सामाजिक पायरी बदलते.

आता अर्थ. गावाला हे नाव कशावरून पडले? इथे दोन तट आहेत. पोलिशमध्ये 'कोपेर' म्हणजे शेपू. आपण ज्याची भाजी करतो आणि घरातली पोरे जिला पाहून नाक मुरडतात तीच शेपू. पोलंडमध्ये ती उकडलेल्या बटाट्यांवर आणि काकडीच्या लोणच्यात घालतात. दुसरीकडे जर्मन भाषेत 'कुप्फर' म्हणजे तांबे, आणि उत्तरेकडच्या बोलींत त्याचा उच्चार 'कोपर'कडे झुकतो. तेव्हा प्रश्न असा की हा गृहस्थ मराठीत आला असता तर शेपूकर झाला असता की तांबे?

तांब्याच्या बाजूने सांगतात की त्याचा बाप तांब्याचा व्यापारी होता. होता हे खरे. दक्षिणेच्या डोंगरांतले तांबे क्राकूफवरून उत्तरेच्या बंदरांकडे जाई, आणि त्या व्यापारात तो होता. १४५८च्या सुमारास तो क्राकूफहून तोरुनला येऊन स्थायिक झाला. पण या पुराव्याने काही सिद्ध होत नाही. गावाचे नाव तेराव्या शतकातले, घराण्याचे नाव चौदाव्या शतकातले आणि बापाचा धंदा पंधराव्या शतकातला. नातवाच्या दुकानावरून आजोबाचे आडनाव पडत नसते.

माझा कौल शेपूला आहे. पहिले कारण, पोलिशमध्ये तांब्याला 'म्येच' असा वेगळाच शब्द आहे, आणि तांब्याची भांडी घडवणाऱ्याला कढईवरून 'कोत्लाश' म्हणतात. दुसरे कारण 'निक' या प्रत्ययाचे. तो अस्सल स्लाव आहे. माणसाला लागला तर तो काम सांगतो, जसे 'ओग्रोद' म्हणजे बाग आणि 'ओग्रोद्निक' म्हणजे माळी. जागेला लागला तर तिथे काय आहे ते सांगतो. सिलेशियातच रिब्निक नावाचे मोठे शहर आहे. 'रिबा' म्हणजे मासा, रिब्निक म्हणजे माशांचे तळे. स्लाव प्रत्यय जर्मन धातूला जोडण्यापेक्षा स्लाव वनस्पतीला जोडणे अधिक सरळ. शिवाय शेजारच्या चेक भाषेत 'कोप्रनीक' हे शेपू-बडीशेपेच्या कुळातल्या एका सुगंधी डोंगरी झुडपाचे नाव आजही आहे, आणि हे गाव चेक हद्दीजवळच्या डोंगरांच्या पायथ्याकडचे.

काही जण अनेकवचनी 'कोपेर्निकी'वर भर देतात. जुन्या पोलंडमध्ये राजाला ठरावीक सेवा पुरवणाऱ्या वस्त्या असत, आणि त्यांची नावे अनेकवचनी असत: पेकारी म्हणजे भटारी, स्कोत्निकी म्हणजे गुराखी. तसेच हे शेपू पिकवणाऱ्यांचे किंवा तांबटांचे गाव असावे असा तर्क. तो आकर्षक आहे, पण जुन्या कागदांत नाव एकवचनी आहे हे वर आलेच आहे. म्हणून हे रिब्निकच्या पंगतीत बसते, शेपूसारखे काही उगवते ती जागा, असे मला वाटते.

मग त्या दोन 'प'चे काय? जर्मन लेखनात स्वर ऱ्हस्व आहे हे दाखवायला पुढचे व्यंजन दुहेरी लिहितात. पोलिश लेखनात त्याची गरज पडत नाही. शेवटचे 'गक' हीही त्या काळच्या जर्मन कारकुनांची लकब. तोरुनचे व्यापारी जर्मन बोलत आणि शहराचे कागद जर्मन-लॅटिनमध्ये होत. त्यांनी ऐकलेले नाव आपल्या पद्धतीने टिपले. इंग्रजांनी खडकीचे 'किरकी' केले, म्हणून त्या गावाच्या व्युत्पत्तीसाठी कोणी इंग्रजी कोश उघडत नाही.

खुद्द ज्याचे नाव, त्याला या शुद्धलेखनाची फारशी फिकीर नव्हती. क्राकूफच्या विद्यापीठात तो आडनाव लावतच नाही. 'निकोलसचा निकोलस, तोरुनचा' एवढेच. १४९६ साली इटलीत बोलोन्याला कायदा शिकायला गेला तेव्हा तिथल्या 'जर्मन राष्ट्र' या विद्यार्थी-मंडळाच्या वहीत त्याचे नाव 'कोपरलिंक' असे पडले, आणि समोर नऊ नाण्यांची वर्गणी. पादुआत त्याने 'कोपेर्निक' अशी सही केली. पुढे लॅटिन रूप धरले. अभ्यासकांनी तपासलेल्या ३१ कागदांपैकी २३ कागदांत दोन 'प' आहेत. उतारवयात तो एकच 'प' लिहू लागला. १५४३ साली न्यूरेंबर्गला त्याचा ग्रंथ छापला गेला, त्याच्या मुखपृष्ठावरही एकच 'प' आहे. बोलोन्याच्या वहीतल्या 'राष्ट्र' या शब्दाने पुढे फार घोळ घातला. तिथे तो शब्द विद्यार्थ्यांच्या गटापुरता होता, आजच्या नागरिकत्वाशी त्याचा संबंध नाही.

पण एकोणिसाव्या शतकात राष्ट्र या शब्दाला धार चढली. पोलंड तीन साम्राज्यांत वाटला गेला होता आणि तोरुन प्रशियाकडे होते. तिथे १८५४ साली त्याच्या नावाने संस्था निघाली, ती दोन 'प' लावून. लिओपोल्ड प्रोवे यांचे १८८३-८४मधले मोठे चरित्रही दोन 'प'चे. विद्वत्तेच्या दृष्टीने ते चरित्र मोलाचे आहे, पण नावातल्या त्या 'प'ला आता पक्षाच्या बिल्ल्याचे रूप आले. पोलिश बाजू एकाच 'प'ची आणि शेपूची. जर्मन बाजू सांगे की त्याच्या हातचे लेखन लॅटिन आणि जर्मनमध्ये आहे, पोलिशमध्ये एक ओळ नाही. हे खरे आहे. पोलिश बाजू सांगे की १४६६च्या तहानंतर तोरुन पोलंडच्या राजाच्या छत्राखाली होते, आणि त्याच्या बापाने जर्मन सरदारांच्या धर्मसंघाविरुद्धच्या लढ्यात पोलिश बाजूला मदत केली होती. हेही खरे आहे. आडनाव मात्र यातले काहीच सांगत नाही. ते फक्त एका खेड्याचे नाव सांगते, आणि आडनाव पडले तेव्हा ते खेडे ना पोलंडच्या राजाचे होते ना पुढच्या प्रशियाचे. १७४२नंतर ते प्रशियात गेले, १९४५नंतर पोलंडमध्ये आले. (जाता जाता: जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या प्रयोगशाळेने निर्माण केलेल्या ११२ क्रमांकाच्या मूलद्रव्याला त्याचे नाव १९ फेब्रुवारी २०१० रोजी, त्याच्या जन्मदिवशी, मिळाले. त्यात 'प' एकच आहे.)

आज पोलंडमध्ये कोपेर्निक रस्ता नाही असे शहर शोधावे लागेल. तोरुनचे विद्यापीठही त्याच्याच नावाचे. आडनाव म्हणून मात्र ते विरळ आहे. आणि ज्यांचे ते आहे ते खगोलशास्त्रज्ञाचे थेट वंशज असणे शक्य नाही. चार भावंडे होती. तो आणि थोरला भाऊ आंद्रेआस दोघेही फ्रोम्बोर्कच्या चर्चमध्ये पदावर, म्हणजे अविवाहित. बहीण बार्बारा जोगीण झाली. कातारिना क्राकूफच्या एका व्यापाऱ्याला दिली होती. तिला पाच मुले झाली, ती बापाच्या आडनावाची. म्हणजे त्या घरातले आडनाव त्याच पिढीत संपले. फ्रोम्बोर्कला २००५ साली सापडलेली कवटी त्याचीच, हे पुढे त्याच्या एका पुस्तकात सापडलेल्या केसांवरून ठरवले गेले, तेही आईकडून येणाऱ्या जनुकांच्या आधारे. बापाचे नाव लावणारी वाट त्यात येतच नाही.

नावाचे भांडण कागदावरच राहिले असते तर हा लेख इथे थांबवता आला असता. पण वॉर्सा शहरात त्याचा ब्राँझचा पुतळा आहे. शिल्पकार थोरवाल्डसेन, अनावरण १८३०. चौथऱ्यावर लॅटिन आणि पोलिश अक्षरे, त्यातली पोलिश ओळ 'मिकोवाय कोपेर्निकला, देशबांधवांकडून' अशा अर्थाची. जर्मनांनी शहर व्यापल्यावर ती झाकून त्यावर जर्मन नावाची पाटी ठोकली. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी अलेक्सी दाविदोफ्स्की नावाच्या २१ वर्षांच्या तरुणाने भर शहरात त्या पाटीचे स्क्रू काढून ती पळवली. सूड म्हणून जर्मनांनी १७९४च्या उठावातला नेता किलिन्स्की याचा पुतळा हलवून राष्ट्रीय संग्रहालयात कोंडला. त्यावर याच तरुणाने संग्रहालयाच्या भिंतीवर रंगवले की वॉर्सावासीयांनो, मी इथे आहे, किलिन्स्की. पुढे शहरात पत्रके लागली: किलिन्स्कीच्या पुतळ्याच्या बदल्यात हिवाळा सहा आठवड्यांनी वाढवण्यात येत आहे. खाली सही, खगोलशास्त्रज्ञ कोपेर्निक. दाविदोफ्स्की पुढच्या वर्षी मार्चमध्ये, कैद्यांना सोडवण्याच्या चकमकीतल्या जखमांनी मरण पावला.

१९४४चा वॉर्साचा उठाव मोडल्यावर जर्मनांनी कोपेर्निकचा पुतळाही वितळवायचे ठरवले. ब्राँझ म्हणजे मुख्यतः तांबे. पुतळा उतरवून रवाना केला तो नेमका निसाकडे, जिथून ते शेपूचे खेडे दहा किलोमीटरवर आहे. भट्टीत जाण्याआधीच जर्मनांना माघार घ्यावी लागली. १९४५च्या जुलैत पुतळा वॉर्साला परत आला, आणि दुरुस्ती होऊन २२ जुलै १९४९ रोजी पुन्हा आपल्या चौथऱ्यावर उभा राहिला.